एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी

नमस्कार. आधी फळ्याकडे बघा. मी एकच संख्या लिहिली आहे, आणि आजचा सगळा वेळ आपण तिलाच देणार आहोत.

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक आहेत. ही वाचायची कशी? हजार, लाख, कोटीपर्यंत आपली जीभ सहज जाते, अब्ज-खर्वला अडखळते आणि पुढे थांबते. भास्कराचार्यांनी लीलावतीत एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट. आपल्या संख्येला त्यांतली सतरा पुरतात. माझ्याबरोबर सावकाश म्हणा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. अर्बुदाला शिखर गाठायचं आणि उतरायला लागायचं. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य जसं उलट वाचलं तरी तेच राहतं, तशीच ही संख्या.

ती येते कुठून, हे बघायला पाटीवरचा गुणाकार पुरतो. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. नऊ वेळा एक लिहा, १११११११११, आणि त्याचा वर्ग करा, की फळ्यावरची संख्या येते. शाळेत शिकलो तसाच मांडा. एकाखाली एक नऊ ओळी, प्रत्येक ओळीत नऊ एके, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच एक्का आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्या घरात नऊच्या नऊ ओळी एकमेकींखाली येतात. तिथून पुढे एकेक ओळ संपत जाते, म्हणून आठ, सात, सहा. मला वर्गात ही मांडणी करताना नेहमी एकाच क्षणाची वाट असायची. मुलं बेरीज करत नवव्या घरापर्यंत यायची आणि त्यांच्या लक्षात यायचं की आतापर्यंत एकदाही हातचा आलेला नाही. नऊ हा एका घरात मावणारा सगळ्यात मोठा अंक. घर काठोकाठ भरलं, पण सांडलं नाही.

मग पुढचा प्रश्न कुणीतरी विचारतंच: सर, दहा एके घेतले तर? घ्या की. मधल्या घरात आता दहा एके आले. शून्य लिहिलं, हातचा एक. शेजारच्या घरात नऊ होते, हातचा धरून दहा झाले. परत शून्य, परत हातचा एक. त्यापुढच्या घरात आठ होते, ते नऊ झाले, आणि हातचा तिथं विरला. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूनं वाचा. सातानंतर एकदम नऊ! चढतीच्या पायऱ्यांमधला आठ नाहीसा झाला. हा नाहीसा झालेला आठ लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

या घराण्यातल्या संख्यांना नाव आहे, आणि ते आपल्या मध्य रेल्वेच्या एका स्थानकावरून आलेलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव इथं बसलेल्या बहुतेकांनी ६१७४ या त्यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या स्थिरांकामुळे ऐकलेलं असेल. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याला फर्ग्युसन. १९२७ मध्ये विद्यार्थिदशेतच स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. बत्तीस वर्षं शाळेत तास घ्यायचे आणि उरलेल्या वेळात संख्यांशी बोलायचं. जगातल्या सामान्य वाचकाला त्यांची ओळख झाली ती १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं तेव्हा. सत्तरी गाठलेली होती त्यांनी.

या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना त्यांना मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या, त्या वेळच्या जीआयपी, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेवरच्या ‘डेम्लो’ स्थानकात सुचली, म्हणून त्यांनी यांना डेम्लो संख्या म्हटलं. हे स्थानक म्हणजे आजचं डोंबिवली. रोज सकाळी ज्या फलाटावर उभं राहायला जागा मिळत नाही, त्या फलाटाचं नाव संख्या सिद्धांतात कोरलेलं आहे.

त्यांची डेम्लो संख्येची कल्पना साधी आहे. संख्येचे तीन भाग करा: डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की एकच अंक पुन्हापुन्हा आला पाहिजे, आणि मधला भागही त्याच अंकाचा असला पाहिजे. १७७६ घ्या. एक आणि सहा सात, मध्ये सत्याहत्तर. २५५३ घ्या. दोन आणि तीन पाच, मध्ये पंचावन्न. आता आपल्या संख्येचा मधला ९ बाजूला काढा. डावीकडे उरले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा. एक नि आठ नऊ, दोन नि सात नऊ, तीन नि सहा नऊ... ९९९९९९९९. मध्येही नऊच. एक्क्यांच्या या वर्गांना कापरेकरांनी ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटलं. मला त्या विशेषणात एका शिक्षकाचा आवाज ऐकू येतो. वर्गात हात वर करून ‘बघा, बघा’ म्हणणारा.

आता हर्षद संख्या. हाही शब्द कापरेकरांचाच, संस्कृतातला, हर्ष देणारा तो हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो ती हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज किती? मघाच्या नऊ ओळी आठवा, म्हणजे बेरीज करावीच लागणार नाही. नऊ ओळींत प्रत्येकी नऊ एके होते, हातचा कुठंच गेला नाही, म्हणजे सगळे मिळून एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशीनं भाग जातो का? १११११११११ ला नऊनं भाग जातो, कारण त्याच्या अंकांची बेरीज नऊ. भागाकार १२३४५६७९. म्हणून तिच्या वर्गाला नऊच्या वर्गानं, ८१ नं, भाग जाणारच. आपली संख्या हर्षद आहे.

आणि तो १२३४५६७९ परत बघा. इथंही आठ नाही! ही सवड काढून करायची गोष्ट आहे: एक भागिले एक्क्याऐंशी हा भागाकार कागदावर करत जा. ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... असं अखंड चालत राहतं. खरं तर तिथं ०, १, २, ३ असे अंक ओळीनं बसत असतात, नवानंतर दहा बसायला येतो, तो एका घरात मावत नाही, त्याचा हातचा नवावर जातो, नवाचा दहा होतो, त्याचा हातचा आठावर जातो, आणि आठाचा नऊ होतो. म्हणजे दहा एक्क्यांच्या वर्गातला आठ ज्या दारानं गेला, त्याच दारानं हाही गेला.

मघाशी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं की सगळ्याच वंडरफुल डेम्लो हर्षद असतात का. फार चांगला प्रश्न आहे. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची बेरीज ९, भाग जातो, आणि उत्तर १३६९ म्हणजे ३७ चा वर्ग. १२३४३२१ ची बेरीज १६. संख्या विषम आणि भाजक सम, प्रश्नच मिटला. पाच एक्क्यांना २५ नं भाग हवा, पण शेवटी १ असलेल्या संख्येला तो कसा जाणार? सहा आणि आठ एक्के पुन्हा सम-विषमावर अडतात. सात एक्क्यांसाठी ११११११ च्या पुढे आणखी एक १ लिहून सातानं भागून बघा, बाकी एक राहते. म्हणजे एक सोडला तर नऊ एक्क्यांपर्यंत दोनच हर्षद: तीनवाली आणि नऊवाली. आणि दहा एक्क्यांच्या त्या मोडलेल्या वर्गाची बेरीज ८२ येते, सम, म्हणजे तिथंही नाही.

आपण ८१ नं भागलं, आता ८१ नं गुणू. १११११११११ चा वर्ग गुणिले ९ चा वर्ग म्हणजे ९९९९९९९९९ चा वर्ग. तो होतो ९९९९९९९९८००००००००१. याचे मधोमध दोन तुकडे करा. डावा ९९९९९९९९८, उजवा नुसता १. बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. ज्या संख्येच्या वर्गाचे असे तुकडे जोडले की मूळ संख्या परत मिळते तिला आज जग कापरेकर संख्या म्हणतं. ४५ चा वर्ग २०२५, वीस आणि पंचवीस पंचेचाळीस, हे उदाहरण तुमच्या ओळखीचं असेल. आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं गुणलं आणि एका कापरेकर संख्येचा वर्ग हाती आला. डेम्लो, हर्षद, कापरेकर संख्या ही तीन वेगवेगळी नावं, वेगवेगळ्या वेळी सुचलेली, आणि तिन्ही इथं एका ओळीत येऊन उभी राहतात.

इथं एक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही, कारण तो घेणारा माणूस साधा नव्हता. रामानुजनना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये लिहिलं की ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार अंकी संख्या स्वतःच्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. आणि पुढे त्यांनी म्हटलं की अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला त्यात काही नाही. या आक्षेपामागचा एक मुद्दा असा की अंक हे संख्येचे कपडे आहेत. आपल्या हाताला दहा बोटं, म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटं असती तर हीच संख्या वेगळ्या अंकांनी लिहिली गेली असती आणि तिचं हर्षदपण कदाचित उरलं नसतं.

हे खरं आहे. तरीही मी हार्डींशी सहमत नाही. त्यांचीच ९८०१ घ्या. हा ९९ चा वर्ग. अठ्ठ्याण्णव आणि एक नव्याण्णव, म्हणजे कापरेकर संख्येचा वर्ग. आता एक भागिले ९८०१ करा. ०.०००१०२०३०४०५... शून्यापासून सगळे दोन अंकी आकडे ओळीनं येतात, फक्त एक येत नाही. ९७ नंतर एकदम ९९. अठ्ठ्याण्णव गायब! ८१ नं जसा आठ गिळला, तसा ९८०१ नं ९८ गिळला, आणि कारणही तेच, वरून आलेला हातचा. ही नुसती गंमत असती तर तिचं कारण सापडलं नसतं, आणि सापडलेलं कारण दुसरीकडे चाललं नसतं. इथं ते ओळीनं चालतंय.

आणि कारणाचा माग काढत आपण आणखी खाली जाऊ शकतो. फळ्यावरची संख्या मूळ अवयवांत फोडू. १११११११११ म्हणजे १११ गुणिले १००१००१. त्यातले १११ म्हणजे ३ गुणिले ३७. आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. हा ३३३६६७ मूळ आहे, पुढे फुटत नाही. म्हणजे आपली संख्या ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. तीनच मूळ संख्या. या तिघींची मला फार माया आहे, का ते सांगतो.

एक भागिले तीन: ०.३३३... एकच अंक फिरतो. एक भागिले सदतीस: ०.०२७०२७... तीन अंक फिरतात. एक भागिले ३३३६६७: ०.०००००२९९७०००००२९९७... नऊ अंक फिरतात. एक, तीन, नऊ. आवर्ती दशांशात किती अंक फिरणार हे कशावर ठरतं? ती मूळ संख्या ९, ९९, ९९९, ९९९९ या रांगेत सगळ्यात आधी कुणाला भागते त्यावर. ९ ला भागणारी मूळ संख्या फक्त ३. ९९९ म्हणजे २७ गुणिले ३७, तिथं नवीन आलेली फक्त ३७. नऊ नऊ घेतले तर त्यांचे अवयव ३ चा चौथा घात, ३७ आणि ३३३६६७. नवीन फक्त ३३३६६७. म्हणजे एक अंक फिरवणारी मूळ संख्या सगळ्या जगात एकटी ३. तीन अंक फिरवणारी एकटी ३७. नऊ अंक फिरवणारी एकटी ३३३६६७. असं एकटेपण सहजी मिळत नाही. सहा अंकांचं बघा, १४२८५७ हे सातचं चक्र तुम्हाला पाठ असेल, पण १३ चंही ०७६९२३ असं सहा अंकांचंच चक्र आहे. तिथं दोघांना एकाच घरात राहावं लागतं. आपल्या संख्येचे तिन्ही मूळ अवयव मात्र आपापल्या घरात एकटे आहेत. पाटीवर हातचा न येणारा एक गुणाकार मांडला, त्याच्या मुळाशी गेलो, आणि तिथं या तिघी निघाल्या. कापरेकरांच्या खेळाला कमी लेखणाऱ्यांना मी हे दाखवतो आणि गप्प बसतो.

अवयव हाती आल्यावर बाकीचं वर्गीकरण पटकन उरकतं. विभाजक एकूण ४५: पाच गुणिले तीन गुणिले तीन. विषम, कारण ही पूर्ण वर्ग आहे आणि जोडी न मिळालेला एक विभाजक, १११११११११, मधोमध उरतो. स्वतःला सोडून बाकी चव्वेचाळीस विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडीच जास्त भरते, म्हणून ती न्यून आहे; बेरीज बरोबर संख्येइतकी भरली असती तर ती परिपूर्ण ठरली असती. ही माहिती आठ बोटांच्या प्राण्यालाही हीच मिळेल.

आता शेवटचं, आणि हे तुम्ही करणार आहात. कापरेकरांची आणखी एक कल्पना. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली, एक नि पाच सहा, झाले २१. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनकच नाही, शोधून बघा. ज्यांना जनक नाही त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटलं. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३ अशा. आपली संख्या कुठल्या बाजूची?

सतरा अंकांत जनक शोधायचा म्हणजे घाबरायचं कारण नाही. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, म्हणून जनक आपल्या संख्येच्या अगदी खालोखाल असणार. शेवटचे तीन अंक ३२१ तेवढे बदलतील, आधीचे चौदा तसेच राहतील. त्या चौदा अंकांची बेरीज ७५. आपल्या संख्येला नऊनं भाग जातो, त्यामुळे जनकालाही जावा लागतो, म्हणजे त्याच्या अंकांची बेरीज ८१, ९० किंवा ९९ यांतलीच हवी. तीनच शक्यता. हं, तू ये पुढे, खडू घे. ३२१ मधून ८१ वजा कर. २४०. दोन नि चार सहा, पंच्याहत्तर नि सहा? एक्क्याऐंशी. जमलं! जनक सापडला: १२३४५६७८९८७६५४२४०. बाकीच्या दोनही तपास. ९० वजा केले की २३१, बेरीज ८१ च, हवी होती ९०. ९९ वजा केले की २२२, तीही ८१. म्हणजे जनक एकच.

थांब, खडू ठेवू नकोस. आता या जनकाचा जनक शोध. रीत तीच, तिथंही नऊनं भाग जातोच. २४० मधून ८१ गेले, १५९. अंकांची बेरीज पंधरा, पंच्याहत्तर नि पंधरा नव्वद. हवी होती ८१. नाही. ९० वजा कर, १५०, बेरीज सहा, एकूण ८१. हवी होती ९०. नाही. ९९ वजा कर, १४१, तिथंही ८१. नाही. चौथी शक्यता नाही.

लिही फळ्यावर, मोठ्या अक्षरात, त्या जनकाखाली: स्वयंभू.